खंडेनवमीची सुट्टी

कामागणिक आपली आतली मांडणी बदलणाऱ्या प्रोसेसरचा आराखडा अनुजा आणि मृत्युंजयनं मिळून रचला आणि कुणीही घ्यावा, सुधारावा म्हणून इंटरनेटवर खुला ठेवला. वैशाखात मृत्युंजय वारला. आता कुठल्या परमुलखातल्या पोरीनं त्याच्या भागातली चूक नेमकी पकडून नवा भाग पाठवला होता. तो घ्यायचा म्हणजे मृत्युंजयचा काढायचा.

त्याच्याच खोलीत बसून अनुजानं लॅपटॉप उघडला, तोवर त्याची आई, हिराबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन आली.

"अगं बया, आज खंडेनवमी! पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावतीस व्हय?" तिनं लॅपटॉपवर झेंडू ठेवला. "माझ्या लेकानं केल्यालं चालतंय न्हवं अजून?"

"चालतंय की, मावशी."

अनुजानं फूल तसंच राहू दिलं, मृत्युंजयचा भागही. काढायला उद्याचा दसरा होताच.