भेटायला आलेली माणसं

कमळाआत्या मंगळवारी दुपारी गिरीशच्या उजव्या फुप्फुसात शिरल्या आणि पाय पसरून बसल्या. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधांनी गिरीशच्या पांढऱ्या पेशी पार संपवल्या होत्या. दवाखान्यानं त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं आणि बायकोशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. पण भाचा आजारी आणि आत्यानं दारातून परत जायचं? असं कुठे असतं का? त्या त्याच्या श्वासाबरोबर आत गेल्या.

डॉक्टरांनी वैजयंतीला नवऱ्याच्या छातीचा फोटो दाखवला. त्यातल्या पांढऱ्या डागाला अंबाडा होता, तिनं लगेच ओळखला. एरवी अशी मंडळी येतात नि जातात, कुणाला कळतही नाही, डॉक्टर म्हणाले. आता आत हटकायलाच कुणी उरलेलं नाही. सलाईनमधून औषध सुरू झालं. आत्यांनी अंग चोरलं, पण उठल्या नाहीत.

मग उदगीरचे चुलतभाऊ बायकापोरांसकट आले. त्यांनी आत सतरंजी अंथरली, पेरू कापले, गिरीशच्या लहानपणच्या गमती काढल्या. ती मंडळी हसली की गिरीशला खोकल्याची उबळ यायची, आणि गमती काही संपत नव्हत्या. त्याचे ओठ निळे पडायला लागले. वैजयंतीनं जन्मात कधी पाहुण्याला चहाशिवाय जाऊ दिलं नव्हतं. आता तिनं भीडभाड सोडली आणि मास्कमधूनच नवऱ्याच्या छातीशी तोंड नेलं.

"आत्या, पाया पडते तुमच्या. उठा. त्यांना श्वास घ्यायला जागा नाही."

"अगं, आम्ही काय परके आहोत?" आतून आत्या म्हणाल्या. "तो बरा झाला की लगेच निघतो."

वैजयंतीला रडू कोसळलं. भांडायला आले असते तर तिनं एकेकाला हात धरून बाहेर काढलं असतं. हे मायेनं आले होते, त्यांना कसं काढायचं? तोवर डावं फुप्फुसही भरलं. उशिरा आलेले गळ्यापर्यंत दाटीवाटीनं उभे राहिले.

गिरीशनं डोळे उघडले. त्याला बोलता यावं म्हणून आतली मंडळी गप्प झाली.

"वैजू, सगळे आलेत," तो म्हणाला. "तूच बाहेर का?"

वैजयंतीनं तोंडावरचा मास्क दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. गिरीशनं तिच्यासाठी तोंड उघडलं. जिभेच्या मागे आत्या जराशा सरकल्या आणि शेजारची जागा पदरानं पुसू लागल्या.