न वाजलेलं अकराचं टिंग

आमच्या प्रयोगशाळेत नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताचे थेंब येतात, कागदावर वाळलेले. त्यांचे अहवाल ईमेलने दूरदूरच्या दवाखान्यांत जातात. ही मेल पोचवणारा सर्व्हर काका सांभाळतात, आणि मी त्यांच्या हाताखाली काम करते. सगळे त्यांना 'नाडीवैद्य' म्हणतात, कारण रोज सकाळी चहाआधी ते सर्व्हरची नोंदवही, म्हणजे इव्हेंट लॉग, ओळ न् ओळ वाचतात.

तो लॉग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थक्क झाले. दिवसाला चाळीस हजार ओळी! कुठलं पत्र कधी आलं, रांगेत किती थांबलं, कोणाच्या हाती गेलं, सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. कोणी वाचो न वाचो, इतक्या निष्ठेने लिहिणारं मी दुसरं काही पाहिलं नव्हतं.

मग काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस पट्टी.

"चाळीस हजार ओळी मी वाचणार नाही हं," मी आधीच सांगून टाकलं. "लॉगमध्ये गडबड उमटली की सर्व्हरच मला मेल पाठवेल. अलर्ट लावते."

"लाव की. पण मला दर तासाला एक मेल येऊ दे. 'ठीक आहे' एवढीच."

"पट्टी बांधून वाचणार?"

"वाचतंय कोण? फोन टिंग करेल."

"म्हणजे तिथंही जिवाला चैन नाही!"

"झालं, तूही तुझ्या काकूच्याच पक्षात."

मी धोक्याच्या आठ नोंदी निवडल्या: चुकलेले पासवर्ड, अडकलेली पत्रं, भरत आलेली डिस्क वगैरे. मुद्दाम एक चूक घडवून पाहिली. चार सेकंदांत अलर्ट हजर. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून तासाची मेलही लावली.

तिसऱ्या दिवशी पावणेअकराला डॉक्टरबाई तपासणीच्या खोलीतून घाईने बाहेर आल्या. सहा दिवसांचं एक बाळ. दुधातली साखर त्याला पचत नव्हती. दुधाचा प्रत्येक घोट त्याच्या यकृतावर घाव घालत होता.

"अहवाल पाठवलाय. जाईल ना लगेच?"

मी स्क्रीन पाहिला. एकही अलर्ट नव्हता. "सगळं आलबेल आहे, बाई."

अकरा वाजून तीन मिनिटांनी माझा फोन वाजला.

"अकराचं टिंग आलं नाही," काका म्हणाले.

"काका, एकही अलर्ट नाहीये. पडा बघू निवांत."

"तुझा अलर्ट येतो कुठून?"

"सर्व्हरवरून, मेलने..."

"आजाऱ्यालाच वैद्याकडे निरोप घेऊन धाडलंस, पोरी."

मी लॉग उघडला. दहा सतरा: डिस्क भरत आली, पत्रं पाठवणं थांबवलं. त्याखालची ओळ: अलर्ट तयार. त्याखालची: अलर्ट रांगेत. असे नऊ अलर्ट एकामागे एक उभे होते, आणि दहाव्या जागी बाळाचा अहवाल. लॉगने काहीच लपवलं नव्हतं. मीच शांतता म्हणजे सुखरूपता धरून बसले होते.

मी धावतच बाईंना गाठलं. त्यांनी तडक दवाखान्यात फोन लावला. बाळाचं नाव आणि निदान सांगताच पलीकडून परिचारिकेची हाक मला इथपर्यंत ऐकू आली: "अहो, त्या बाळाला पाजू नका! थांबा, थांबा!" मग पावलं, दाराचा आवाज, आणि थोड्या वेळाने तिचं धापा टाकत आलेलं उत्तर: "आईने नुकतंच जवळ घेतलं होतं. प्यायलं नाही अजून."

बाई खुर्चीत बसल्या. मी उभीच होते.

डिस्कवरचा जुना पसारा काढायला अर्धा तास लागला. अलर्टसाठी आता वेगळी वाट केली, थेट फोनवर संदेश. मेल सर्व्हरचा त्याच्याशी संबंध नाही. मग काकूंच्या फोनवर काकांना गाठलं आणि रांग मोकळी केली. स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. एक अलर्ट गेला, दुसरा गेला, नववा गेला, मग बाळाचा अहवाल गेला. त्याच्या मागे एक छोटीशी मेल होती. तीही गेली.

दूर कुठल्याशा खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाच्या उशाशी टिंग वाजलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"अकराचं ना हे?" काकांनी विचारलं.

"अकराचंच, काका."

"हं. आता बाराच्या वाटेकडे कान लावतो."