गोधडीचा घास

गोधडी उपाशी ठेवायची नसते, हे मला द्वारकाने शिकवलं. त्याआधीची सत्तेचाळीस वर्षं मी गोधडीला निर्जीव समजत होते, आणि तीही गादीवाल्याच्या घरात राहून. आमचे कादरमियाँ कर्वेनगरात गाद्या भरतात. कापसाशी त्यांचं माझ्यापेक्षा जुनं नातं. पण गादीला भूक लागते असं त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

वारज्याला आमच्या दोन खोल्या, त्यांना लागून द्वारकाची एक. ती वाशीमकडची. नवरा उत्तरेश्वर इथे बांधकामावर होता. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून खाली आला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून तो कॉटवर. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. हात मात्र शाबूत. रोज सकाळी तो पन्नासेक सुया ओवून उशीत टोचून ठेवतो, आणि गल्लीत गोधड्या शिवणाऱ्या आम्ही सहाही जणी तिथूनच सुया नेतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला आयती ओवलेली सुई मिळणं म्हणजे काय सुख असतं, ते त्या वयाच्या बाईलाच विचारावं.

द्वारकाच्या दारात बसून आम्ही गोधड्या शिवतो. चौथा कोपरा बंद करायच्या आधी ती एका छोट्या डबीतून ज्वारीचे सात दाणे काढते, आत सरकवते आणि मग शेवटचा टाका घालते.

"हे काय गं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"घास. आधी गोधडीचं पोट भरावं. मंग पांघरणारा उपाशी झोपत नाही. आमची माय भाकरीचा तुकडा ठेवे. इथं मुंग्या लई, म्हणून दाणे."

मला ते फार आवडलं. मीही घालायला लागले. माझ्या डब्यातले सात दाणे, बिस्मिल्ला म्हणून. हळूहळू बाकीच्या चौघीही द्वारकाच्या डबीत हात घालायला लागल्या. मी मात्र माझेच दाणे वापरायची. शेजारणीकडून रोज उठून काय मागायचं!

या गोधड्या परदेशी जायच्या. पाठवायचे श्रीनिवाससाहेब, आमचे कंत्राटदार. त्यांचं शेड पुलापलीकडे. चिंध्यांची पोती आणून टाकायची, पंधरा दिवसांनी तयार माल उचलायचा. तक्रार करावी असा माणूस नाही, आणि स्तुती करावी असाही नाही. बोलणं अस्सल पुणेरी. "टाका बरा आलाय" म्हणाले की आम्ही चहा टाकतो.

यंदा आपल्या देशाचा समुद्रापलीकडच्या काही देशांशी करार झाला. त्या देशांनी आपापसात एकच बाजार केलेला, म्हणजे एका दारातून आत गेलं की सगळ्यांच्या घरात. तिकडची जकात गेली आणि गोधड्यांची मागणी तिप्पट झाली. आम्ही पेढे कुठून आणावेत यावर भांडत होतो, तेवढ्यात साहेब आले.

"करारात एक अट आहे," ते म्हणाले. "जो हात माल बनवतो त्याचं नाव यादीत पाहिजे. ओळखपत्र, ठरलेला दर, विमा, सगळं."

"चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"उत्तम आहे. म्हणून मी शेडमधल्या बावीस मुलींची नावं देऊन टाकली."

"पण गोधड्या तर आम्ही शिवतो."

"शाइस्ताबाई, घरी शिवणारी बाई दिसली की ते लोक दहा प्रश्न विचारतात. पुढच्या महिन्यापासून काम शेडमध्ये, नऊ ते सहा. ज्यांना जमेल त्यांनी यावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी आराम करावा. आयुष्यभर कष्टच उपसलेत ना?"

म्हणजे आमच्या भल्यासाठी केलेला नियम आम्हालाच दाराबाहेर काढत होता, आणि तेही अत्यंत आदराने.

आम्हा पाच जणींचं कसंही निभावलं असतं. द्वारकाचं काय? दर दोन तासांनी नवऱ्याला वळवणारी बाई नऊ ते सहा कुठे जाणार? आणि हेच काम तिच्या घरची चूल पेटवत होतं. ती उठली. आत गेली आणि वेळ झाली नव्हती तरी त्याला कुशीवर वळवलं.

"तू जा शेडमंधी," उत्तरेश्वर म्हणाला. "मी एकटाच वळतो."

"कसे वळसान?"

"इचार करून."

हसू आवरेना, आणि डोळे पुसायलाही कुणाला उसंत मिळेना, अशी आमची अवस्था.

आठ दिवसांनी साहेब पुन्हा आले, चालत. साहेबांना गाडी काढायचंही सुचलं नाही म्हणजे प्रकरण मोठं.

"तिकडे माल धुऊन बघतात," त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "एक गोधडी धुतली, चार दिवस ओली राहिली, आणि तिच्या कोपऱ्यातून कोंब बाहेर आला. हिरवागार. जिवंत बियाणं, विनापरवाना! सगळा माल बंदरात अडकलाय. चौकशीला उद्या त्यांची बाई येतेय."

आम्ही सहा जणी आपापल्या टाक्याकडे बघत बसलो.

"शेडमधल्या मुलींना हातचा टाका धड जमत नाही. उद्या तुम्ही आणि द्वारकाबाई तिथे येऊन बसा. विचारलं तर रोज इथेच असतो म्हणायचं. आणि त्या दाण्यांबद्दल तुम्हाला काही माहीत असेल, तर ते तुम्हाला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरजवळ चौघी पाळीने बसल्या आणि आम्ही दोघी शेडमध्ये जाऊन बावीस मुलींच्या मध्ये बसलो. पंख्याखाली, खुर्चीवर. खुर्चीवर बसून गोधडी शिवणं म्हणजे घोड्यावर बसून भाकरी थापणं. दोन टाके सरळ येतील तर शपथ.

चौकशीची बाई म्हणजे राजनंदिनी नावाची सव्वीस-सत्तावीसची मुलगी निघाली. पायात बूट, पाठीला सॅक, कपाळावर घाम. तिने एकेका मुलीला विचारलं, "हे सीड्स कोणी घातले, काही आयडिया?" मुली खरंच बुचकळ्यात. कोणाच्याच चेहऱ्यावर काही नाही. साहेबांना तेवढ्याने हुरूप आला.

"आम्ही सखोल तपास केलाय मॅडम. गोडाऊन म्हटलं की उंदीर आले. उंदरांनीच दाणे नेऊन ठेवले असणार."

द्वारकाची सुई थांबली. मी तिच्या पायावर पाय ठेवला. तिने तो बाजूला केला.

"उंदीर काहून ठेवीन?" ती म्हणाली.

"द्वारकाबाई, तुम्ही शिवा."

"नाही साहेब, उंदीर खाते. ठेवत नाही. आन् ठेवलेच, तर सात मोजून ठेवते का?"

राजनंदिनीने सावकाश मान वळवली.

"सात? मावशी, मी आकडा अजून कोणालाच सांगितला नाहीये."

द्वारकाच्या हातातून काम निसटलं ते त्या क्षणी, असं मला वाटलं. साहेबांनी डोळे मिटले. ती मात्र पदर खोचून उभी राहिली. आईच्या घासाला उंदराची करणी म्हटलेलं तिला सोसवलं नाही.

"मीच घालतो दाणे," ती म्हणाली. "चार सालापासून. पण माझा दाणा उगवतच नाही."

"म्हणजे?"

"भाजलेला असते. उपाशी माणसाले कच्चं कोण वाढते?"

आणि तिने हळूच माझ्याकडे पाहिलं.

राजनंदिनीने मोबाईलवरचा फोटो समोर धरला. मोरपंखी कोपरा आणि त्यातून निघालेला बोटभर कोंब. असा टवटवीत, की कुंडीत लावावा. तो मोरपंखी तुकडा माझ्या लेकीच्या, उम्मेहानीच्या जुन्या ओढणीचा होता. चिंधी कमी पडली म्हणून मीच लावलेला. त्या कोंबाची आई मी होते.

खरं सांगते, एक क्षणभर मी गप्प बसले. माल माझ्यामुळे अडकला म्हटलं तर साहेब मला दारात उभं करणार नव्हते. पण मी गप्प राहिले तर दोष द्वारकाच्या पदरात पडणार होता, आणि तिने तो गुपचूप घेतलाही असता.

"ती गोधडी माझी," मी म्हटलं. "कच्चे दाणे मीच घातले. भाजायचे असतात हे मला कोणी सांगितलंच नाही."

"सांगाचं काय त्यात?" द्वारका उसळली. "स्वैपाक येते नं तुमाले?"

पहिली हसली ती राजनंदिनी. मग बावीस मुली. साहेबांनी डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

हसणं थांबल्यावर राजनंदिनीने यादी काढली. "मावशी, काकू, तुमची नावं यात कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हटलं. आता लाज सोडलीच होती. "आम्ही इथे बसतच नाही बाळा. आम्ही सहा जणी घरी शिवतो. आज इथे फक्त खुर्च्या गरम करायला आणलंय."

"मॅडम, त्याचं असं आहे," साहेब पुढे आले, "घरून काम करणाऱ्यांना करारात जागाच नाही."

"सर, त्यांचं सेपरेट कलम आहे. त्यांना काढा असं नाही लिहिलंय, त्यांना मोजा असं लिहिलंय. जिथे बसून काम करतात तिथेच, शेडमधल्यांच्याच दराने. एक्केचाळिसाव्या पानावर. तुम्ही वाचलंत ना?"

"मी चाळीसपर्यंत वाचलंय," साहेब म्हणाले.

ती म्हणाली की, दाणा ही छोटी गोष्ट आहे. तो भाजला की बियाणं राहत नाही, लेबलवर लिहिलं की संपलं. पण लपवलेले हात सापडले तर माल बंदरातच राहील. नावं जोडली तर सुटू शकेल. मात्र घरं तिला स्वतः बघावी लागतील.

"आणि नावं लिहिल्यावर साहेबांनी आम्हाला पुढच्या महिन्यात काढलं तर?" मी विचारलं. एवढं आयुष्य काढल्यावर बाई एवढं तरी विचारतेच.

"मग नाव का कमी झालं ते त्यांना लेखी द्यावं लागेल, आणि ते खरं आहे का हे मी तुम्हाला फोन करून विचारणार."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, घाम टिपला, आणि पुणेरी माणूस हरल्यावर जे म्हणतो तेच म्हणाले, "अहो लिहा की! माझा कुठे विरोध आहे? मी पहिल्यापासून हेच म्हणतोय."

आम्ही सगळे पायीच वारज्याच्या खोलीवर आलो. दारात चौघी शिवत होत्या. आत उत्तरेश्वर नाकाशी सुई धरून, जीभ दातांत दाबून दोरा ओवत होता. उशी सुयांनी भरलेली. लाल, पिवळे, निळे दोरे लोंबत होते. राजनंदिनी उंबऱ्यातच थबकली. मग चपलांच्या ढिगात बूट काढून ती खाली मांडी घालून बसली आणि नावं लिहायला लागली. सहा नावं झाली.

"आणखी एक लिहा," द्वारका म्हणाली.

"कोण?"

"हे."

"हे शिवतात?"

"नाही जी," उत्तरेश्वर ओशाळून म्हणाला, "मी नुसता ओवतो."

"सुई ओवल्याबिगर टाका पडते का?" द्वारकाने विचारलं. "जो हात माल बनवते त्याचं नाव, असंच हाय नं तुमच्या कागदात? हा हात नाही का?"

राजनंदिनी फॉर्ममध्ये शोधत राहिली. कापणे होतं, शिवणे होतं, घडी घालणे होतं. ओवणे नव्हतं. साहेब दारातून म्हणाले, "हो, आणि मुंग्यांचीही नावं घालून टाका."

"मुंग्यांपायीच तर भाकरी बंद केली साहेब," द्वारका म्हणाली.

राजनंदिनीने 'इतर' निवडलं आणि पुढे एकेक अक्षर उच्चारत लिहिलं: सुई ओवणे. मग तिने उत्तरेश्वरचा फोटो काढला. झोपूनच काढावा लागला, त्यामुळे त्याचे केस उभे आलेत आणि चेहरा अचानक मोठ्या हुद्द्यावर बसवल्यासारखा दिसतो.

माल सुटायला तीन आठवडे लागले. आता प्रत्येक गोधडीला शिवणारणीच्या नावाची चिठ्ठी असते, आणि खाली लिहिलेलं असतं: 'कोपऱ्यात भाजलेली ज्वारी आहे, घाबरू नये.' ते 'घाबरू नये' साहेबांचं. द्वारकाने मला एक डबी भरून भाजलेले दाणे दिले, सगळ्यांदेखत, म्हणजे माझा स्वयंपाक कसा आहे हे गल्लीला कळावं. कादरमियाँ तर अजून विचारतात, "क्या गे, परदेस में खेती कैसी चलरी तेरी?"

गेल्या सोमवारी सात ओळखपत्रं आली. उत्तरेश्वर आपलं उशीवर, सुयांच्या मधोमध टोचून ठेवतो. द्वारका दर दोन तासांनी शिवण ठेवून उठते, पदर खोचते, त्याच्या खांद्याखाली हात घालते. तो सुई हातातच ठेवून तिच्याकडे गंभीरपणे बघतो आणि विचारतो, "कामाच्या टायमात?"