बाबांच्या पाठीचा साचा

बाबा गेल्यावर त्यांच्या रेसिंग टीमच्या मालकांचा फोन आला. वर्कशॉपला लागून असलेल्या हॉलमध्ये शोकसभा ठेवलीय म्हणाले, आणि मग, "बाळ, त्यांची काही आठवण हवी असेल तर संकोच करू नकोस."

माझे केस पिकायला लागलेत, तरी मी बाळ. संकोच न करता सांगितलं, "त्यांची सीट द्या."

रेसच्या गाडीतली सीट दुकानातून आणत नाहीत. गाडीत एक मोठी पिशवी ठेवतात, ड्रायव्हर तिच्यावर बसतो आणि पिशवीत फोमचं रसायन ओततात. ते फुगत, तापत त्याच्या पाठीभोवती घट्ट होतं. तोवर त्याने हलायचं नाही. एकाची सीट दुसऱ्याला चालत नाही. आजारपणात बाबा इतके आटले, की अंथरुणात नुसती चादर दिसायची. त्यांची धडधाकट पाठ आता जगात त्या एकाच ठिकाणी शिल्लक होती.

हॉलमध्ये बाबांचा फोटो होता आणि त्याच्या वर, फोटोहून मोठी, इंजिन ऑइलची जाहिरात.

"ते खरे टीमचे माणूस," मालक माइकवर म्हणाले. "स्वतःच्या विजयाचा त्यांनी कधी विचारच केला नाही."

करायचे. प्रत्येक रेसला करायचे. पण शेवटच्या फेऱ्यांत कानातल्या रेडिओवर याच माणसाचा आवाज यायचा, "हिरोला पुढे जाऊ दे." हिरो म्हणजे टीमचा पहिला ड्रायव्हर आणि मालकांचा जावई. बाबा जिवंत होते तोवर याला करार म्हणत. त्याग म्हणायला त्यांना मरावं लागलं.

मग हिरो बोलला. बाबा त्याला मोठ्या भावासारखे होते म्हणे. आजारपणात हा धाकटा भाऊ एकदाही फिरकला नाही. त्याच्या कोटाचं पोटावरचं बटण मात्र जीव मुठीत धरून बसलं होतं.

शेवटी मखमली कापड ओढून सीट दाखवली. शोकसभेत टाळ्या पडल्या. मी पुढे होऊन आतून हात फिरवला. दोन्ही खांद्यांचे खळगे एका पातळीत होते. बाबांचा डावा खांदा अपघातानंतर उतरला होता; आई त्यांचे शर्ट त्या बाजूने आत घेऊन शिवायची.

"ही त्यांची नाही."

"बाळ, दुःखात असं वाटतं."

"मग हिरोंना बसवून बघा."

आईने माझा दंड धरला. "तमाशा नको गं."

फोटोवाले सरसावले तसा हिरो तयारच झाला. पोट काठावर अडलं, पण पाठ डब्याला झाकण बसावं तशी बसली. त्याचा चेहरा उजळला.

"अरे, ही तर माझीच!"

हे सगळ्या हॉलने ऐकलं. मालक माझ्या कानाशी लागले. "आम्ही जिंकलेल्या सीटच जपतो गं. हीच ने ना. दिसायला काय फरक आहे?"

मी सरळ वर्कशॉपमध्ये गेले. आई मागोमाग आली. बाबांची सीट तिथे होती, एका फळीवर ठोकलेली आणि फळीला खाली चार चाकं. तिच्यावर बसून एक मेकॅनिक चहा पीत होता. तो धडपडून उठला.

"ताई, राग मानू नका. फेकायला काढली होती. खाली बसून टायर बदलायला बरी पडते. फक्त माणूस डावीकडे कलतो."

ग्रीसने ती काळी पडली होती. मी हात फिरवला. डावा खळगा खाली होता.

तेवढ्यात मालक फोटोवाल्यांना घेऊन आले. "सापडली! बाळ, ही आता आपण शोरूममध्ये ठेवू. पुसून, काचेत. तू कधीही येऊन बघत जा."

मी तोंड उघडलं, पण त्याआधी आई पुढे झाली. चांगल्या कपड्यांची पर्वा न करता ती त्या ग्रीसवर बसली. डावीकडे कलली, तशीच राहिली, आणि पर्स मांडीवर घेतली.

"वहिनी, अहो, उठा. फोटो काढतायत," मालक म्हणाले.

"काढू देत." मग माझ्याकडे मान वळवून ती म्हणाली, "उभी काय राहिलीस? ढकल."

मी ढकललं.