अन्नपूर्णा डब्यात मावेना

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी अन्नपूर्णा डब्यात मावेना.

डबा पितळेचा, कुंकवाच्या करंड्याहून थोडा मोठा. तळाशी मूठभर तांदूळ आणि त्यावर बोटभर उंचीची ती, मांडीवर आडवी पळी धरून बसलेली. लग्नात आईने दिली तेव्हापासून माझा नेम आहे. तिची पूजा आणि नैवेद्य झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. म्हणून प्रवासात ती बरोबर असते. आदल्या संध्याकाळी घरमालकीण अनसूयाकाकू म्हणाल्या होत्या, "डब्यात कशाला कोंडता, ताई, तिला? आमच्या देवघरात बसू दे रात्रभर." मी बसवली. सकाळी ती नारळाएवढी झाली होती.

"रुळली," काकू म्हणाल्या आणि निरांजनात तूप घालू लागल्या.

हे घर मंदाने शोधलं. मंदा माझी धाकटी बहीण. मला एकदा समुद्र बघायचा होता. ती म्हणाली, "हॉटेलं आपल्याला परवडायची नाहीत, आणि तिथे तुझं सोवळं कोण सांभाळणार? घरगुती सोय बघू. मी गेल्या वर्षी राहून आलेय एका घरात. अगदी आपली माणसं आहेत." फाटकावर तशी पाटीही होती, घरगुती राहण्याची व जेवणाची सोय. इतक्या थोडक्यात यांना कसं परवडतं, हे मी मंदाला विचारलं होतं. ती म्हणाली, "घरात बायका पुष्कळ आहेत. मजुरी लागत नाही."

बायका खरंच पुष्कळ होत्या. मी दूध मागायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा एक जण विळीवर नारळ खवत होत्या, दोघी भाकऱ्या थापत होत्या.

"तुम्ही काकूंच्या सुना का?" मी विचारलं.

"छे हो. मी नाशिकची," नारळवाल्या म्हणाल्या. "चार दिवसांसाठी आले होते. तो रांजणाएवढा गणपती बघितलात ना देवघरात? तो माझा. पर्समध्ये असायचा."

"मग?"

"मग काय. त्याला सोडून कशी जाणार?" त्यांनी करवंटी बाजूला ठेवली आणि दुसरी वाटी घेतली.

मी परत देवघरात आले. अन्नपूर्णेला दोन्ही हातांनी धरून उचलायला गेले. ती पाट्यासारखी जड होती. मी हळूच म्हटलं, "आई, चल. आज समुद्रावर जायचंय." ती काही हलली नाही, पण तिचं तोंड आता माझ्याकडे नव्हतं, स्वयंपाकघराकडे होतं.

तेव्हा तिच्या शेजारची, काल फुलांनी झाकलेली मूर्ती मला दिसली. तीही अन्नपूर्णाच, नाक झिजलेली. आईने आम्हा दोघींना एकाच दुकानातून जोडीने घेतल्या होत्या, आणि मंदा आपली चिंचेने इतकी घासायची की त्या मूर्तीचं नाक वर्षभरात गेलं होतं. ती एसटीत हरवली, असं मंदाने मला सांगितलं होतं. मी तिच्याबरोबर रडले होते. हरवलेली अन्नपूर्णा माझ्यासमोर घागरीएवढी बसली होती, आणि मी पाहत होते तोवर तांब्याएवढी झाली. माझी तेवढ्यात घागरीएवढी झाली.

मंदा उंबऱ्यात उभी होती.

"ताई, तू बोलू नकोस, आधी ऐक," ती म्हणाली. "मला कुठला आलाय नेम. मी तिला इथे सोडून सरळ घरी गेले. तेव्हापासून माझ्याकडे भात शिजलेला नाही. कितीही उकळा, तांदूळ तो तांदूळच. पोरं दाताने फोडून खातात. काकूंना फोन केला, तर म्हणाल्या, तिच्या जागी दुसरी बसवायला आण, मग ने."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर आली असतीस?"

मला मोठ्याने बोलता येत नाही. शिवाय माझी पूजा व्हायची होती, आणि पूजेआधी मी कुणाला टाकून बोलत नाही.

पूजेला बसले. घागरीएवढ्या मूर्तीला माझं पळीभर पंचामृत कपाळालाच संपलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंदाची अन्नपूर्णा बोटभर झाली. मंदाने ती माझ्या डब्यात ठेवली, माझ्याच तांदळांवर. तिचा डबा तिने कधीच मोडीत घातला होता. झाकण नीट बसलं. काकूंनी मंदाची ओटी भरली. मीही सवयीने पदर पुढे केला.

"तुझी कशाला गो?" काकू म्हणाल्या. कालपर्यंत त्या मला तुम्ही म्हणत होत्या. "ओटी पाहुणीची भरतात. तू घरची."

"भावोजींना मी सांगते," मंदा चपला घालत म्हणाली. "ताई रुळली म्हणते तिकडे. त्यांना बरंच वाटेल." फाटकापाशी ती वळली. "समुद्र मागच्या बाजूला आहे, ताई. माडांतून वाट आहे."

मी मागच्या दारी गेले. दाराबाहेर पाऊल टाकलं की घशाला कोरड पडायची, आत घेतलं की जायची. समुद्राचा आवाज येत होता. मी दार लावलं आणि नैवेद्याचा भात लावायला घेतला. तो लगेच शिजला.

दुपारी नवे पाहुणे आले. पंगत बसली. आम्ही स्वयंपाकघरातल्या बायका शेवटच्या पानांवर. तोवर माझी अन्नपूर्णा देवघरातून उठली होती. तिने पदर खोचला होता आणि पळी घेऊन ती वाढत होती. पाहुण्यांना वाढलं. काकूंना वाढलं, वर आग्रह केला. नाशिकच्या बाईंना नावाने हाक मारून वाढलं.

मी मान खाली घालून हात जोडले. इतकी वर्षं तिच्या आधी मी घोट घेतला नव्हता. आज ती मला पहिल्यांदा वाढणार होती.

ती माझ्या पानाशी आली आणि थांबली. भाताने भरलेली पळी तिने माझ्या पानावर धरली, आणि अनोळखी माणसाला विचारतात तसं मऊ आवाजात विचारलं,

"तुम्ही कुठल्या म्हणायच्या?"

पळीतून वाफ येत होती. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.