यहाँ राहत है न?

गंजाच्या बुडाशी चमचा खणकन वाजला, तशा साहेबापुढे चिडीचूप बसलेल्या बाया वळून गुणवंताकडे पाहू लागल्या.

"वच्छले, ठेव तो चमचा. काई नाई त्यात," ती लेकीला दबक्या आवाजात म्हणाली. मांडीवरचं तान्हं जागं झालं. त्याचं रडणं आता नुसतं कण्हणं उरलं होतं.

रामाकोन्याच्या पलीकडची ती वस्ती जळून बारा दिवस झाले होते. गुणवंताचं दूध आटलं होतं. दुधाच्या भुकटीचे डबे यायचे होते, पण ज्यांच्यापर्यंत सरकारकडून काहीच पोचलं नाही त्यांच्याचसाठी. तेच तपासायला साहेब आला होता. राज्यं नव्याने आखली जाऊन नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, त्याला सहा महिने झाले होते. साहेब आता भोपाळकडून येत, हिंदीत बोलत.

वस्तीत मात्र भलतीच हूल उठली होती. शेजारची विजयमाला कानाशी लागली, "जे सोयऱ्याकडं गेले, त्यायचे नावं कटून राहिले म्हन्ते. ठासून सांगजो बाई, येथंच राह्यतो म्हनून!"

साहेब पुढ्यात आला. "बाई, यहाँ सबको राहत है न?"

गुणवंताने जळक्या खांबांकडे बोट केलं. "हाव साहेब! राहत है! सबच्या सब येथंच राहत है. हे लेकरू बी!"

साहेबाचा चेहरा खुलला. त्याने कागदावर खूण केली, तिचा अंगठा घेतला.

सोमवारी ती दोन्ही लेकरं घेऊन चालत सौंसरला गेली. डबे वाटणाऱ्या बाबूने यादीवरून बोट फिरवलं.

"तुमाले तं राहत भेटली. अंगठा हाय."

"राह्यतोच ना आम्ही, बाबू! दूध कोठी हाय?"

रांगेतले लोक खदखदून हसले. शाळेचे प्रभाकर गुरुजी तेवढे हसले नाहीत.

"गुणवंताबाई, त्या साहेबायच्या बोलीत राहत म्हंजे मदत."

तिने कडेवरचं तान्हं सावरलं. "मंग मदत म्हनाले काय झालं होतं त्याले?"

गुरुजींनी तिथेच अर्ज लिहून दिला. बाबूने तो गठ्ठ्याच्या तळाशी सारला. "पुढच्या तपासनीत पाहू. दिवाळीनंतर."

डबेवाटपाच्या मांडवातून ती बाहेर आली. लेकरू आता कण्हतही नव्हतं. ऊन लागू नये म्हणून तिने त्याच्यावर पदर ओढला. वच्छला चालता चालता थांबली.

"माय, तू नाई म्हटलं असतं, तं भाऊले दूध भेटलं असतं का वं?"