एंजलच्या परावरच्या गाठी

सासऱ्यांनी एंजल माशांची जोडी धाकट्या सुनेच्या हवाली केली आणि तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. घरच्या शोभेच्या माशांच्या दुकानातल्या टाक्या घासून घासून हिचे हात खरबरीत झाले, आणि काल आलेली ती नुसती गोड हसली की सासरे विरघळले. "जोडी नीट सांभाळलीस तर पैदाशीची खोली तुझी," असंही वर बोलून गेले. थोरलीला तेवढी ती खोलीच तर हवी होती.

एका सकाळी धाकटी तिच्याचकडे धावत आली.

"ताई, जरा बघता का? नराच्या परावर काहीतरी उठलंय."

थोरलीनं काचेला नाक लावलं. पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या पांढुरक्या गाठी होत्या. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असता तर अंगभर मीठ भुरभुरल्यासारखं दिसलं असतं. हा विषाणूचा आजार, आणि त्याला औषध नसतं. मासा वेगळ्या टाकीत ठेवायचा, जाळीही वेगळी, पाणी स्वच्छ, बाकी त्याला निवांत राहू द्यायचं. गाठी हळूहळू आपोआप गळून जातात. हे सगळं थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जळकं मन कसलं बोलू देतंय.

"पांढरे ठिपके आहेत," ती म्हणाली. "निळं औषध टाक, दुप्पट. आणि हीटर वाढव."

"दुप्पट?"

"मग काय कुरवाळत बसणार आहेस त्याला?"

धाकटीनं मुकाट्यानं औषध टाकलं. दुसऱ्या दिवशी नर पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. दुपारी आडवा झाला.

सासऱ्यांनी मासा तळहातावर घेतला, गाठींवरून बोट फिरवलं. "याला औषध घालायला कुणी सांगितलं?"

आता ही बया आपलं नाव घेणार, मग आपण साफ कानावर हात ठेवायचे, एवढं थोरलीनं ठरवून टाकलं.

"कुणी नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "माझंच चुकलं."

पैदाशीच्या खोलीची किल्ली सासऱ्यांनी थोरलीच्या हातात ठेवली आणि बाहेर गेले.

धाकटी मासा कागदात गुंडाळत होती.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" थोरलीनं विचारलं.

"त्या खोलीसाठी किती झुरत होतात तुम्ही. दिसत होतं की मला."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवी होती ती खोली मिळाली, आणि तीसुद्धा हिनं दिलेली.